कूलर चालू, कूलर बंद

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही. देवाला सांगायचा प्रश्नच नव्हता, आमचं बोलणं फार पूर्वीपासून बंद आहे. गोष्ट अशी की, माझी भाची नाटकं करते असं मी तिच्या आईबापाला एकदा ठणकावून सांगितलं होतं. ती नाटकं करत नव्हती. हे मला सहा महिन्यांच्या आत कळलं, आणि कळल्यावर मी तोंड मिटून बसलो.

गप्प बसणं हा माझा स्वभाव. ‘माणूस कमी बोलतो, पण खोल आहे,’ असा माझा नात्यात लौकिक आहे. खोल वगैरे काही नाही. विहीर कोरडी असली तरी खोलच दिसते.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीला मी नागपुरातल्या एका दवाखान्यात कान तपासायचं काम करायचो. डॉक्टर नव्हतो. कानाच्या विभागात एक यंत्र होतं, आणि बाहेरचा आवाज आत जाऊ नये म्हणून भिंतींना आतून जाड गाद्या ठोकलेली एक एवढीशी खोली. तिला आम्ही पेटी म्हणायचो. पेशंट पेटीत बसे. मी बाहेरून बटण फिरवून ‘टीं’ असा आवाज सोडे. ऐकू आलं की त्याने हात वर करायचा. दिवसभर लोकांकडून हात वर, हात खाली करून घ्यायचं. मास्तर व्हायचं राहून गेलं होतं, ते असं भरून निघत होतं. नात्यात मात्र मी ‘कानाचा डॉक्टर’ झालो होतो. लग्नाच्या पंगतीत काका-मामा ताटावरून उठायच्या आधी कान पुढे करत. "पाह्य बरं गा, आत काही हाय का." मळ असायचा. दुसरं काय असणार.

त्या वर्षी आमच्या विभागात एका मॅडमनी संशोधन काढलं. विषय असा: काही मुलांची वाढच जरा वेगळ्या वाटेने होते. बोलायला उशीर होतो, एका जागी बसवत नाही, वाचायला घेतलं की अक्षरं हाती लागत नाहीत. अशा मुलांतल्या काहींचे कान पेटीत अगदी उत्तम निघतात, आणि तरी वर्गात त्यांना सांगितलेलं कळत नाही. आवाज कानात शिरतो, पण पुढे डोक्यात त्याचा उलगडा होत नाही. त्यातून आजूबाजूला गोंगाट असला तर मुळीच नाही. मॅडम म्हणायच्या, "पाहुणा दारातून आत आला म्हणजे बैठकीत पोचला असं समजू नका. मध्ये ओसरी असते." मला हे वाक्य फार आवडलं. मी ते दोन-तीन ठिकाणी स्वतःचं म्हणून वापरलंही.

तर पेटीतल्या ‘टीं’वर भागणार नव्हतं. मुलांना शब्द ऐकवायचे, आधी शांततेत आणि मग गोंगाटात. शब्द माझ्या आवाजात टेप केले: माठ, घोडा, सूप, केळी. गोंगाट आणायला मला इतवारीच्या बाजारात पाठवलं. भांड्यांच्या गल्लीत टेपरेकॉर्डर गळ्यात अडकवून मी उभा राहिलो, तर पाच मिनिटांत भोवती माणसं. रेडिओवाला आला म्हणून एकाने दुकानाचा पत्ता सांगितला, दुसऱ्याने गाणं सुरू केलं. तिसऱ्याची हातगाडी माझ्यामुळे अडली होती. त्याने माझ्या मातुःश्रींचा उल्लेख करून जे काही म्हटलं, ते टेपवर इतकं स्वच्छ उमटलं की माझ्या स्वतःच्या आवाजातला एकही शब्द तितका स्वच्छ आलेला नाही. पुढे महिनाभर, ज्या मुलांचे कान चांगले ती आधी शिवी सांगत आणि मग शब्द. आयांनी तक्रार केली तेव्हा मॅडमनी मला पुन्हा इतवारीत धाडलं.

हिवाळ्यात एका रविवारी माझी थोरली बहीण खापरखेड्याहून आली. भाऊजी तिथल्या वीज केंद्रात नोकरीला, राहायला वसाहतीत. सोबत मुलगी, तिसरीतली.

"पाह्य ना गा, हिच्या कानात काही बिघाड हाय का," बहीण म्हणाली. "घरी मी आन् ती दोघीच असलो का सुई पडली तरी आयकते. चार मानसं बोलाले लागले का भिंतीसारखी होते. शाळेतल्या बाई म्हनतात पोट्टी घमेंडी हाय."

"घमेंडी नाही, मतलबी हाय," भाऊजी म्हणाले. "फायद्याचं बराबर आयकू येते तिले. जिलेबी म्हनून पाहा."

"जिलेबी तुमी तिच्या तोंडासमोर जाऊन म्हनता," बहीण म्हणाली.

आता पाहा. मॅडमच्या अख्ख्या संशोधनाचं पहिलं वाक्य माझी बहीण खापरखेड्याहून एस.टी.त बसून माझ्या टेबलापर्यंत घेऊन आली होती. आणि रोज मॅडमचं ऐकणाऱ्या मी काय केलं? दवाखान्याची किल्ली माझ्याकडे होती, रविवार होता, मटण घरी शिजत होतं. गोंगाटाची तपासणी लांबलचक असते. मी पोरीला पेटीत बसवलं आणि नुसते ‘टीं’ सोडले. तिने सगळे ऐकले. मलाच नीट ऐकू येत नव्हते तेही ऐकले. इतके बारीक कान मी त्या हिवाळ्यात दुसऱ्या कोणाचे पाहिले नव्हते.

बाहेर येऊन मी म्हणालो, "कान ठणठणीत आहेत. लक्ष देत नाही, दुसरं काही नाही. थोडी नाटकी आहे."

"मी काय म्हनत होतो," भाऊजी म्हणाले, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मटण छान झालं होतं.

तेव्हापासून त्या घरात माझं वाक्य चलनी नाण्यासारखं फिरू लागलं. पोरीने हाकेला ओ दिली नाही की आधी चापट, मग, "मामाजीनं तपासलं हाय तुले." हे मला बहिणीनेच कौतुकाने सांगितलं. माझ्या शब्दाला एवढी किंमत माझ्या घरातही कधी नव्हती.

मग मे महिना आला. संशोधनासाठी तक्रारीची मुलं पुरेशी झाली होती. आता तुलनेसाठी शाळेत नीट चाललेली, बिनतक्रारीची मुलं हवी होती. बिनतक्रारीचं मूल दवाखान्यात कशाला येईल? तेव्हा आम्ही सगळे करतो तेच मी केलं. नात्यातली, शेजारपाजारची, मिळतील ती पोरं गोळा केली. बर्फाच्या गोळ्याच्या आमिषावर अख्खी आळी तपासून होते. आजही कुठल्या संशोधनात ‘सर्वसामान्य मुले’ असं वाचलं की मला वाटतं, ही कोणाच्या तरी मेव्हणीची पोरं.

मॅडमचा नियम सक्त होता. तपासणी चालू असताना पेटीचं दार बंद, पंखा बंद, कूलर बंद. नियम करून मॅडम रजा घेऊन थंड हवेच्या ठिकाणी गेल्या. मागे मी आणि नागपूरचा मे महिना. बंद पेटीत बसवलेलं मूल ऐकतं आहे की शिजतं आहे, हे बाहेरून सांगता येत नव्हतं. पहिल्याच दिवशी एक पोरगा चक्कर येऊन माझ्या मांडीवर पडला. दुसऱ्या दिवशी मी बाहेरच्या व्हरांड्यातला पत्र्याचा कूलर ओढत आत आणला, पेटीच्या उघड्या दारासमोर लावला आणि चालू केला. जाळीतली खस ओली झाली, वाळ्याचा वास सुटला, जिवात जीव आला. कूलरचा आवाज होता ट्रॅक्टरसारखा. पण ट्रॅक्टरचा आवाज नागपूरच्या माणसाला उन्हाळ्यात ऐकू येतच नाही. बंद पडला तरच ऐकू येतो. पोरंही शब्द बऱ्यापैकी सांगत होती, थोडे इकडेतिकडे झाले तर झाले.

सुट्टीत बहीण माहेरी आली होती. एक दिवस मुलं कमी पडली, म्हणून मी तिची दोन्ही घेऊन गेलो. धाकटा भाचा पटापटा सगळे शब्द सांगून गोळ्याची चौकशी करू लागला. मग ही बसली. मोठे हेडफोन पोरांच्या डोक्यावरून घसरायचे, म्हणून आवाज पेटीतल्या भोंग्यातून यायचा. माझी टेप सुरू झाली. ती माझ्या तोंडाकडे पाहू लागली. माझं तोंड बंद होतं, आवाज भोंग्यातून येत होता, तरी ती माझ्या ओठांकडेच पाहत राहिली. दोन-तीन शब्द काहीतरी अंदाजाने म्हणाली. मग थांबली. भिंतीसारखी झाली.

मी चिडलो. मागे चार पोरं ताटकळत होती. हिला रागवायला उठलो, आणि माझं रागावणं मलाच ऐकू यावं म्हणून जाता जाता कूलर बंद केला. टेप बंद करायची राहून गेली होती.

"घोडा," ती म्हणाली. "सूप. माठ."

मी जागच्या जागी उभा. टेप पुढे चालली होती आणि ती एकही शब्द न सोडता म्हणत होती. मी हात मागे नेऊन कूलर चालू केला. भिंत. बंद केला. "केळी. पाटी." पुन्हा चालू. पुन्हा भिंत. दिव्याला बटण असावं तसं.

शेवटी कूलर बंद असताना ती हसून म्हणाली, "मामाजी, आता तो मानूस नीट बोलून राहिला. मंगाशी बदमाशी करत होता."

तिला वाटलं, टेपमधला माणूस आधी मुद्दाम नीट बोलत नव्हता. म्हणजे मी. बरोबरच होतं तिचं.

मॅडम जे शोधत होत्या ते माझ्यासमोर पाय हलवत बसलं होतं. संशोधनातला नवशिका पोऱ्यासुद्धा अशा वेळी धावत जाऊन सांगेल. मी हिशेब केला. मॅडमना सांगायचं तर कूलरचं सांगावं लागेल, आणि मे महिन्यातली सगळी तपासणी पाण्यात. भाऊजींना सांगायचं तर आपण हिवाळ्यात मटणाच्या घाईत निकाल दिला हे कबूल करावं लागेल. दोन्हीकडे गाढव मीच ठरत होतो. मी तुलनेच्या मुलांत धाकट्या भाच्याला ठेवलं, तिला गाळलं, आणि बाहेर नेऊन तिला दोन गोळे घेऊन दिले. धाकट्याला एकच. त्याने भोकाड पसरलं. लाच कशाची दिली हे मला तेव्हाही कळत होतं.

जूनमध्ये मॅडम परत आल्या. आकडे पाहून त्यांच्या कपाळावर आठी. "ही चांगली मुलं मे महिन्यातच अशी का घसरली?"

"उन्हाळा, मॅडम," मी म्हणालो.

प्रामाणिक बाई. त्यांनी आपल्या निबंधात उष्णतेने मुलांच्या लक्षावर होणाऱ्या परिणामाबद्दल एक वेगळा परिच्छेद घातला. तो परिच्छेद माझ्या कूलरने लिहिला आहे. परिषदेत त्यांनी निबंध वाचला तेव्हा स्लाइडचं यंत्र वाहून न्यायला मी होतो. टाळ्या झाल्या. अध्यक्ष म्हणाले, या विषयावर आणखी संशोधन व्हायला हवं. परिषदांमध्ये एवढा एकच निष्कर्ष मी न चुकता ऐकला आहे. पुढे मॅडम निवृत्त होऊन मुलाकडे परदेशी गेल्या. कूलरचं त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

भाचीला सातवीनंतर शाळेतून काढलं. साठ पोरांच्या वर्गात पत्र्याखाली तिला जे मिळत होतं ते पाहता, काढलं म्हणून तिचं फार काही बुडालं असंही म्हणवत नाही. पण दोष तिच्या नावावर चढला. आळशी, नाटकी, घमेंडी. ती शिवण शिकली, हात चांगला बसला. वसाहतीतल्या बायका तिच्याकडे पोलकी टाकू लागल्या. तिचा एक नियम होता: मशीन चालू असताना कोणी बोलायचं नाही, मशीन थांबली की बोलायचं. कोणी घरात पाऊल टाकलं की ती आधी रेडिओ बंद करायची, मग ‘बसा’ म्हणायची. "महाराणीचा दरबार हाय," भाऊजी म्हणायचे.

गेल्या उन्हाळ्यात तिला पाहायला पाहुणे यायचे ठरले. बहीण म्हणाली, एवढ्या उन्हात त्यांना खापरखेड्यापर्यंत काहून आणायचं, तुझ्याच घरी बोलावू. माझं घर हुडकेश्वरकडे, प्लॉट घेऊन नव्यानं बांधलेलं. मुलाकडची मंडळी इतवारीतली, भांड्यांचं दुकान, वर राहायला. गल्लीचं नाव मी पुन्हा एकदा विचारून घेतलं. मी टेप भरून आणली होती ती हीच गल्ली.

पाहुण्यांचा मान म्हणून कूलर त्यांच्या समोर. आमच्याकडे उन्हाळ्यात तोच खरा सत्कार, सरबत दुय्यम. मुलगा, त्याचे वडील आणि आत्या. तिघं एकदम बोलणारी माणसं, बाजारात आयुष्य गेलेलं. भाची येऊन बसली. ती आत्याबाईंच्या ओठांकडे पाहत होती, पण आत्याबाई पदर तोंडाशी धरून चिवडा खात होत्या.

"सैपाक येते ना वं?"

"हो."

"शिवण कोनापाशी शिकली?"

"हो."

"नाव काय ठेवलं आईनं?"

"हो," ती म्हणाली.

आत्याबाई हसल्या. "साऱ्याले हो म्हनते. सून अशीच पायजे." पण मुलाचे वडील हसले नाहीत. ते भाऊजींकडे झुकून म्हणाले, "पोरगी जराशी हळू दिसते." बहिणीचा चेहरा उतरला. भाऊजी पोरीकडे असे पाहू लागले की मला तिसरीतली ती दिसली.

मी उठलो. "याला करंट येतो," असं पुटपुटत कूलरची पिन ओढून काढली.

खोली एकदम शांत झाली. आत्याबाईंनी पुन्हा नाव विचारलं. भाचीने नाव सांगितलं, शिवण कोणाकडे शिकली ते सांगितलं, आणि वर म्हणाली, "तुमच्या पोलक्याचा गळा कोनी बेतला? खांद्यावरून उतरून राहिला. उसवून द्या, मी बसवून देते." मुलगा पहिल्यांदाच हसला. अर्धा तास ती बोलत होती आणि पाहुण्यांच्या अंगातून धारा वाहत होत्या, पण एकही उठला नाही. जाताना वडील म्हणाले, "पोरगी तेज हाय. गरमीनं आमचंच डोकं चालत नव्हतं." उन्हाळ्याने पुन्हा एकदा दोष अंगावर घेतला.

मी खूश होतो. एवढ्या वर्षांचं एका पिनेत फेडलं, असं मनाशी म्हणत पेले घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ती भांडी विसळत होती. मला पाहून तिने आधी नळ बंद केला.

"मामाजी, कूलरले करंट येत नाही ना?"

"नाही."

"तवाबी येत नव्हता."

"केव्हा?"

"दवाखान्यात. मी तिसरीत होती. तुमी बंद केला, चालू केला, मंग पुन्हा बंद केला. मंग मले दोन गोळे देल्ले."

"तुला आठवतं?"

"गोळा कोनी विसरते का," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. "तुमाले माहीत होतं ना, मी नाटक नाही करत?"

मी होकारार्थी मान हलवली.

"त्यायच्या दुकानात दिवसभर भांडे आदळतात. वर घर. तिथं पिन कोन काढन? बाबाले सांगा. तुमचंच आयकतात ते."

"सांगतो," मी म्हणालो. तिने नळ पुन्हा सुरू केला. मुलाखत संपली होती.

होकाराचा निरोप आला. मी आज सांगतो, उद्या सांगतो करत होतो. माझ्याच्याने झालं नाही, तेव्हा तिने स्वतःच नकार दिला. कारण सांगितलं नाही. सांगून ते कोणाला पटलं असतं? घरात वादळ उठलं. आठवड्याने भाऊजी माझ्याकडे आले, चहा घेतला, म्हणाले, "एवढं चांगलं स्थळ. साळेबुवा, तुमी तवाच वळखलं होतं. पोट्टी नाटकी हाय."

समोर कूलर चालू होता. मी म्हणालो, "हं."

तेव्हापासून भाऊजी तिच्याशी बोलत नाहीत. तिची मशीन चालू असते. बहीण मधल्या मध्ये रडते. मी अजूनही खोल माणूस आहे.

मला खापरखेड्याला जायचं आहे. तिथे भाऊजी, बहीण आणि ती, तिघं समोर असताना, पंखा बंद करून, ती माझं तोंड पाहू शकेल अशा जागी बसून सांगायचं आहे की ही पोरगी खोटं कधीच वागली नाही. गोंगाटात तिला बोलणं उलगडत नाही, हे मला ती तिसरीत असल्यापासून माहीत आहे, आणि नाटक तिने नाही, मी केलं. हे मी अजून सांगितलेलं नाही. तेवढं देणं आहे.